लेगोचं डिझाइन स्क्रीनवर तयार, पण त्या रंगाचा ठोकळा खरंच मिळतो का?

दिवाळीचा किल्ला यंदा मातीऐवजी लेगोच्या ठोकळ्यांत करायचा, असं ठरवून कुणी लॅपटॉपसमोर बसलं तर पहिले दोन तास फार मजेत जातात. ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात हजारो तुकडे आहेत. तुकडा निवडा, रंगावर क्लिक करा, झालं. जांभ्या दगडाची तटबंदी, शेवाळी पायऱ्या, गेरूच्या रंगाची कमान. अडचण येते ती तुकड्यांची यादी घेऊन खरेदीला निघाल्यावर. यादीतले काही ठोकळे त्या रंगात कंपनीने कधी बनवलेलेच नसतात.

असं का होतं?

‘हा रंग लेगोत आहे’ आणि ‘हा तुकडा त्या रंगात आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कमधल्या या कंपनीसाठी आकार आणि रंग यांची प्रत्येक जोडी म्हणजे एक स्वतंत्र माल. तिला वेगळा क्रमांक, वेगळं उत्पादन, गोदामात वेगळी जागा. दोन बाय चारच्या नेहमीच्या ठोकळ्याचा आकार क्रमांक ३००१ आणि कंपनीच्या यादीत लाल रंगाचा क्रमांक २१, म्हणून लाल ठोकळ्याचा जुना क्रमांक ३००१२१. एखाद्या सेटला गरज पडली तरच नवी जोडी जन्माला येते, आणि अशा किती नव्या जोड्या घ्यायच्या यावर कंपनीच्या डिझायनरांनाही मर्यादा असते.

नव्या रंगाचं तर विचारूच नका. २०१२ मध्ये ‘फ्रेंड्स’ मालिकेबरोबर निळ्या-जांभळ्या छटा आल्या, २०१९ मध्ये कोरल आला. सुरुवातीला असे रंग मोजक्याच आकारांत असतात. स्क्रीनवरच्या रंगपट्टीत मात्र कोरलचा चौकोन लालच्या इतकाच मोठा दिसतो!

एका रंगाचे तीन नंबर

दुसरा गोंधळ नावांचा. तोच लाल रंग कंपनीच्या यादीत २१, सुट्या तुकड्यांच्या ‘ब्रिकलिंक’ बाजारात ५ आणि ‘एलड्रॉ’ या चाहत्यांनी घडवलेल्या डिजिटल संग्रहात ४. कंपनी त्याला ‘ब्राइट रेड’ म्हणते, बाकीचे नुसतं ‘रेड’. त्यामुळे एका ठिकाणचा आकडा उचलून दुसरीकडे टाकला की भलताच रंग येतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो करडा. २००४ च्या सुमारास कंपनीने जुने दोन करडे आणि जुना तपकिरी बंद करून नव्या छटा आणल्या. नवा करडा किंचित निळसर आहे. चाहते तेव्हा चांगलेच चिडले होते. सॉफ्टवेअरमध्ये ‘लाइट ग्रे’ आणि ‘लाइट ब्लुइश ग्रे’ दोन्ही असतात. किल्ल्याला दगडाचा रंग हवा म्हणून तुम्ही सहज पहिला निवडता आणि संपूर्ण बुरूज वीसेक वर्षांपूर्वी बंद झालेल्या रंगात उभा राहतो. त्यात बदलानंतर तयार झालेला एखादा आकार असेल, तर तो जुन्या करड्यात शोधण्यातही अर्थ नाही.

मग तपासायचं कसं?

स्टुडिओमध्येच अर्धं काम होतं. निवडलेला तुकडा ज्या रंगांत नाही ते रंग लपवण्याची सोय त्यात आहे. ती पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा. दोन हजार तुकडे लावून झाल्यावर इशारे वाचत बसणं हा शुद्ध मनस्ताप आहे.

पुढची पायरी ‘रिब्रिकेबल’. तिथे तुकड्याचा क्रमांक टाकला की तो कोणत्या रंगांत, किती सेटमध्ये आणि कोणत्या वर्षांत आला हे दिसतं. माझ्या मते यातला वर्षांचा रकाना सर्वांत मोलाचा. ‘एक सेट, १९९८’ असं दिसलं तर तो रंग कागदावर आहे, हातात येणं कठीण. ‘तीस सेट, चालू वर्षापर्यंत’ असेल तर निर्धास्त राहा. शेवटी ब्रिकलिंकवर गेल्या सहा महिन्यांत तो तुकडा काय भावाने विकला गेला आणि सध्या किती नग उपलब्ध आहेत, ते पाहा.

नगांची संख्या भारतातून मागवणाऱ्यांनी तर पाहायलाच हवी. बरेचसे विक्रेते परदेशात आहेत. एका दुर्मीळ रंगाचे सहा तुकडे एकाच विक्रेत्याकडे असतील, तर त्या सहांसाठी वेगळं पार्सल, वेगळा टपालखर्च आणि वर सीमाशुल्क. ठोकळा दहा रुपयांचा, पण घरी येईपर्यंत त्याचा भाव ओळखू येत नाही.

डिझाइनचा क्रमही उलटा लावलेला बरा. कमानी, मोठे उतार, गोल कोपरे हे कमी रंगांत मिळणारे आकार आधी तपासा आणि तटबंदीचा रंग त्यांच्यावरून ठरवा. साध्या पातळ पट्ट्या आणि एक बाय दोनचे ठोकळे बहुतेक रंगांत सापडतात. एक बाय आठचा ठोकळा हव्या त्या रंगात नसेल तर एक बाय दोनचे चार लावता येतात, फक्त जोड दिसतात आणि भिंत थोडी कच्ची होते. आतला, न दिसणारा भराव कोणत्याही स्वस्त रंगात चालतो.

मोठी ऑर्डर देण्याआधी मुख्य रंगाचे चार-पाच तुकडे मागवून उन्हात पाहा. मोबाइलच्या पडद्यावर गडद तपकिरी आणि काळा यांत फरक कळत नाही. जुने पांढरे आणि करडे तुकडे उन्हाने पिवळट पडलेले असू शकतात, म्हणून वापरलेला माल घेताना विक्रेत्याकडून फोटो मागवा.

हवी ती जोडी आज नसेल तर फाइल जपून ठेवा. दर जानेवारीत नवे सेट येतात, त्यांच्याबरोबर जुन्या आकारांना नवे रंगही मिळतात. रिब्रिकेबलवर तोच क्रमांक तेव्हा पुन्हा टाकून पाहा.