साखर, पाणी आणि हवा : केकसजावटीतील फोंडंटची साठवण व हाताळणी

सारांश : केकवर आच्छादन म्हणून वापरल्या जाणाऱ्या फोंडंटच्या साठवणीविषयी 'थंड व कोरड्या जागी ठेवा' अशी सूचना पाठ्यपुस्तकांत व वेष्टनांवर सर्वत्र आढळते. महाराष्ट्राच्या हवामानात ही सूचना अपुरी ठरते आणि काही वेळा नुकसानकारकही ठरते. फोंडंट आणि सभोवतालची हवा यांच्यात होणारी पाण्याची देवाणघेवाण हे साठवणीतील बहुतेक दोषांचे मूळ कारण आहे. हे कारण समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते परिस्थितीनुसार काढता येतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : फोंडंट, सापेक्ष आर्द्रता, जलक्रियाशीलता, दवबिंदू, केकसजावट, गृहोद्योग.

१. प्रस्तावना

केकसजावट हा विषय आज गृहविज्ञान, अन्नतंत्रज्ञान, हॉटेल व्यवस्थापन आणि कौशल्यविकासाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत शिकविला जातो. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरच्या स्वयंपाकघरातून केक करून विकणाऱ्या स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. या व्यवसायात भांडवल अल्प असते. विवाहाचा वा वाढदिवसाचा केक ऐन समारंभापूर्वी घामेजला, त्याचे रंग ओघळले किंवा आच्छादनाला भेगा पडल्या, तर साहित्याचा खर्च, दोन दिवसांचे श्रम आणि ग्राहकाचा विश्वास या तिन्हींचा तोटा त्या एकट्या स्त्रीला सोसावा लागतो. म्हणून वरवर किरकोळ वाटणाऱ्या या विषयाचा शास्त्रीय विचार आपल्या वर्गांत होणे आवश्यक आहे.

अडचण अशी की, या विषयाची बहुतेक पुस्तके थंड हवेच्या देशांत लिहिली गेली आहेत. त्यांतील 'खोलीचे तापमान' म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस. कोकणातील जुलैची खोली आणि विदर्भातील मे महिन्याची खोली या पुस्तकांच्या लेखकांसमोर नव्हती. त्यामुळे विद्यार्थिनी नियम प्रामाणिकपणे पाळतात आणि तरीही केक बिघडतो.

२. फोंडंट म्हणजे काय?

'फोंडंट' हा शब्द 'वितळणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला आहे. व्यवहारात या नावाने दोन भिन्न पदार्थ ओळखले जातात.

पहिला ओतण्याचा फोंडंट. साखर, पाणी व ग्लुकोज यांचा पाक सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळून, न हलविता कोमट होऊ देऊन मग घोटला जातो. घोटल्यामुळे असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी तयार होतात. हे स्फटिक साधारण २० मायक्रॉनपेक्षा लहान असतील, तर जिभेला ते वेगळे जाणवत नाहीत आणि पदार्थ मुलायम लागतो. म्हणजे हा फोंडंट संपृक्त पाकात तरंगणाऱ्या साखरेच्या बारीक कणांचा लगदा होय.

दुसरा लाटण्याचा फोंडंट. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, थोडा स्निग्ध पदार्थ आणि जिलेटिन किंवा वनस्पतिजन्य डिंक मळून कणकेसारखा गोळा केला जातो. यातील प्रत्येक घटकाला नेमून दिलेले काम आहे. ग्लुकोज साखरेला पुन्हा मोठ्या स्फटिकांत बांधले जाऊ देत नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, स्निग्ध पदार्थ चिकटपणा कमी करतो, तर जिलेटिन ताण सहन करण्याची क्षमता देते. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने शाकाहारी ग्राहकासाठी वेष्टनावरील चिन्ह पाहूनच खरेदी करावी, हेही येथे नमूद करणे योग्य ठरेल. प्रस्तुत लेखातील पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

३. मूळ तत्त्व : पाण्याची देवाणघेवाण

पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातील किती पाणी मोकळे आहे, हे साठवणीच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. या मोकळेपणाच्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ मानली जाते. साखरेच्या संपृक्त द्रावणाची जलक्रियाशीलता सामान्य तापमानाला सुमारे ०.८५ असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, तर असे द्रावण हवेतून पाणी ओढते. त्याखाली असेल, तर हवेला पाणी देते. फोंडंटमध्ये ग्लुकोज व ग्लिसरीन असल्याने त्याची समतोल रेषा याहून खाली असते. नेमका आकडा कृतीनुसार बदलतो.

ही संकल्पना मराठी घराला अपरिचित नाही. पावसाळ्यात पापड सादळतात, गूळ पाघळतो, उघड्या डब्यातील पिठीसाखरेचे खडे होतात. याउलट संक्रांतीच्या हलव्याला काटा येण्यास थंड, कोरडी हवा मानवते, कारण तिळावर चढविलेल्या पाकातील पाणी त्या हवेत झपाट्याने उडते आणि साखर स्फटिकरूपाने मागे राहते. फोंडंट हा पदार्थ परका असला, तरी त्याचे वागणे याच नियमाने चालते.

आता दोन टोके पाहू. मुंबईत जुलै महिन्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडा फोंडंट पाणी ओढतो, त्याच्या पृष्ठभागावरील साखर विरघळते आणि तो चिकट होतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. तेथे तोच फोंडंट काही मिनिटांत पाणी गमावतो, त्याची वरची कातडी कडक होते आणि लाटताना हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या व भेगा पडतात. एकाच पुस्तकातील एकच कृती दोन शहरांत दोन परस्परविरुद्ध दोष निर्माण करते, ते यामुळे.

४. न वापरलेल्या फोंडंटची साठवण

या तत्त्वावरून पहिला निष्कर्ष निघतो तो असा की, साठवणीत थंडाव्यापेक्षा हवाबंदपणा महत्त्वाचा आहे. गोळ्यावर वनस्पती तुपाचा अगदी पातळ हात फिरवावा, तो प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये घट्ट गुंडाळावा, आतली हवा दाबून काढावी, मग जाड पिशवीत आणि शेवटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आतील हवा जितकी कमी, तितकी देवाणघेवाण कमी. हाच बंदोबस्त मुंग्यांपासूनही संरक्षण देतो. पुडी उघडल्याची तारीख डब्यावर लिहावी आणि टिकण्याच्या मुदतीबाबत उत्पादकाची सूचना प्रमाण मानावी. घरी केलेल्या फोंडंटमध्ये परिरक्षक नसल्याने तो लवकर वापरून टाकणे श्रेयस्कर.

न वापरलेला फोंडंट फ्रिजमध्ये ठेवण्याची सहसा आवश्यकता नसते. डबा थंडच उघडला, तर बाहेरची दमट हवा थंड गोळ्यावर पाणी सोडते. उन्हाळ्यात खोली फारच तापत असेल आणि फ्रिजचा आश्रय घ्यावाच लागला, तर बाहेर काढलेला डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये.

रंगीत गोळे एकमेकांपासून वेगळे गुंडाळावेत आणि प्रकाशापासून दूर ठेवावेत. गुलाबी व जांभळ्या छटा प्रकाशात विशेष लवकर फिकट होतात. जांभळ्यातील गुलाबी अंश उडाला की निळसर रंग उरतो.

डिंकमिश्रित लगद्याची वाळविलेली फुले मात्र नेमक्या उलट गरजेची असतात. त्यांना कोरडेपणाच हवा. कोरड्या ऋतूत ती पुठ्ठ्याच्या खोक्यात उत्तम राहतात. पावसाळ्यात पुठ्ठाच ओल धरतो, तेव्हा ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावीत. तीच पुडी मऊ फोंडंटच्या डब्यात टाकली, तर ती त्याचे पाणी शोषून त्याला निकामी करील.

५. हाताळणी

वापरण्यापूर्वी गोळा मळून एकजीव करावा. ग्लिसरीन व स्निग्ध पदार्थ पुन्हा सर्वत्र पसरले की लवचीकता परत येते. गोळा कोरडा वाटल्यास ग्लिसरीनचे दोन-चार थेंब किंवा थोडे वनस्पती तूप घालावे. पाणी घालण्याचा मोह टाळावा, कारण पाणी साखर विरघळवते आणि गोळा मऊ होण्याऐवजी चिकट होतो. गोळा सैल असल्यास थोडी पिठीसाखर मळावी. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे असल्यास काही सेकंदच पुरेत. जिलेटिनची जाळी साधारण ३५ अंशांच्या आसपास सैल होते, म्हणून फार मळल्याने हाताच्या उष्णतेनेही गोळा ढिला पडतो.

लाटताना खाली काय पसरावे, याचा निर्णयही हवामान पाहून घ्यावा. दमट हवेत कॉर्नफ्लोअर उपयोगी पडते, कारण ते साखरेप्रमाणे विरघळत नाही. कोरड्या हवेत मात्र तेच कॉर्नफ्लोअर उरलेले पाणी शोषून भेगांना आमंत्रण देते. तेथे ओट्यावर तुपाचा हलका हात फिरविणे योग्य. जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर ठेवावी. केक आधी पूर्ण तयार ठेवून मगच लाटण्यास घ्यावे आणि उरलेला गोळा लगेच झाकावा. नागपूरच्या उन्हाळ्यात पंखा चालू ठेवून लाटणे म्हणजे भेगा मागून घेणे होय.

आच्छादनाखाली काय आहे, हेही तितकेच निर्णायक आहे. पाणी नेहमी अधिक जलक्रियाशीलतेच्या थराकडून कमीकडे जाते. फेटलेल्या क्रीममधील पाणी बरेच मोकळे असल्याने ते वरच्या फोंडंटमध्ये शिरते आणि काही तासांत आच्छादन ओघळू लागते. म्हणून क्रीमवर थेट फोंडंट चढवू नये. बटरक्रीम किंवा चॉकलेट गनाश यांचा स्निग्ध थर पाण्याच्या या प्रवासाला अडसर घालतो.

६. सजविलेला केक, फ्रिज आणि दवबिंदू

सर्वाधिक नुकसान येथे होते. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पाणी होऊन साचू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवा ३० अंश व आर्द्रता ८० टक्के धरली, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेली प्रत्येक वस्तू त्या हवेत घामेजणार. ५ अंशांवरचा केक तर निश्चितच. नागपूरचा मे धरला, हवा ४२ अंश व आर्द्रता २० टक्के, तरी दवबिंदू सुमारे १४ अंश येतो. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यातही फ्रिजमधून काढलेला केक घामेजतो, फरक इतकाच की तेथे तो लवकर वाळतो.

यावरील उपाय सोपा आहे. केक खोक्यात ठेवून सर्व बाजूंनी बंद करावा आणि मगच फ्रिजमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोके उघडू नये, म्हणजे दव खोक्यावर साचते, केकवर नाही. शक्य असल्यास वातानुकूलित खोलीत खोके उघडावे. तेथे आर्द्रता कमी असल्याने दवबिंदूही खाली असतो. इतके करूनही पृष्ठभाग ओलावला, तर त्याला स्पर्श करू नये वा तो पुसू नये. हलक्या वाऱ्यात तो आपोआप सुकतो, पुसल्यास डाग कायम राहतो.

७. आरोग्याची बाजू

बहुतेक जिवाणूंना वाढीसाठी ०.९१ हून अधिक जलक्रियाशीलता लागते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मात्र सुमारे ०.८६ पर्यंत तग धरून वाढू शकतो. फोंडंट या मर्यादेखाली असल्याने सुरक्षित मानला जातो. परंतु दव साचले की पृष्ठभागावर पातळ पाकाचा थर तयार होतो आणि तेथील जलक्रियाशीलता वाढते. बुरशीला तेवढे निमित्त पुरते. शिवाय फोंडंट लाटल्यानंतर पुन्हा शिजविला जात नाही, म्हणून हातांची व साधनांची स्वच्छता हीच त्याची शेवटची तटबंदी. आतील भरण नाशवंत असेल, तर आच्छादनाच्या सौंदर्यासाठी केक फ्रिजबाहेर ठेवणे समर्थनीय ठरत नाही. घरगुती विक्रेतीलाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे, याची जाणीव अभ्यासक्रमातच करून द्यावी.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, फोंडंटचे चिकट होणे, भेगाळणे, ओघळणे आणि घामेजणे हे चार स्वतंत्र दोष नसून पाण्याच्या एकाच प्रवासाची चार रूपे आहेत. त्यामुळे प्रात्यक्षिक वर्गात सूचनांची यादी लिहून देण्याऐवजी भिंतीवर एक साधा आर्द्रतामापी लावावा आणि दररोज काम सुरू करण्यापूर्वी विद्यार्थिनींना एकच प्रश्न विचारावा : आजची हवा फोंडंटला पाणी देणार आहे की त्याचे पाणी घेणार आहे? या प्रश्नाचे उत्तर जिला देता येते, ती रत्नागिरीत असो वा चंद्रपुरात, आपला नियम स्वतः ठरवू शकते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व गृहविज्ञान या विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन असे छोटे प्रात्यक्षिक घटक तयार केल्यास, स्वयंपाकघरातून उभ्या राहणाऱ्या या व्यवसायांना महाविद्यालयाकडून मिळणारी ती खरी मदत ठरेल.