ताटातला आणि पेल्यातला गोवा

प्रवासाला निघालेला माणूस डोळ्यांच्या सुखासाठी पैसे मोजतो, तसाच जिभेच्या सुखासाठीही मोजतो. देवळे, चर्च, किल्ले आणि समुद्रकिनारे यांची निगा राखण्याविषयी आपण निदान बोलतो तरी. परंतु जिभेच्या सुखाचा विषय निघाला की तो हॉटेलवाल्यांचा खासगी व्यवहार आहे, असे म्हणून मोकळे होतो. निखाऱ्यावर भाजलेली मासळी आणि सोबत मद्याचा पेला हे आज गोमंतकाच्या पर्यटनाचे ठळक चित्र झाले आहे. या चित्रात गोवा कितीसा उरला आहे, हा प्रश्न केवळ खवय्यांचा नव्हे. तो रापणकाराचा आहे, काजूच्या बागायतदाराचा आहे आणि भट्टीवाल्याचाही आहे.

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमार्फत जगभर पसरला. शब्द परका असला, तरी चुलीतल्या निखाऱ्यावर बांगडा भाजण्याची कला आमच्या किनाऱ्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. बाहेरून जे आले तेही आम्ही आपलेसे केले. रेशाद मसाल्यातली लाल मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आलेली. पण तिला आंबटपणा देणारे व्हिनेगर माडाच्या सुरेचे. कोंबडीच्या काफ्रियालचे नाते पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतील वसाहतींशी सांगितले जाते. एवढी श्रीमंत परंपरा दाराशी असताना, देशातल्या कोणत्याही शहरात मिळतील तेच मसाले आणि त्याच चटण्या माशावर ओतून त्याला ‘गोवन’ म्हणून वाढावे, हे शोभणारे नाही.

मासळीचेही तेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ. बंदी समुद्राच्या भल्यासाठीच आहे. मग भर जुलैत ‘आजची ताजी मासळी’ अशी पाटी लावून इसवणाचे जाड तुकडे वाढले जात असतील, तर ते कोठून आले, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे. बर्फातली मासळी खाऊ घालणे हा गुन्हा नाही. तिला ताजी म्हणणे हा मात्र अप्रामाणिकपणा होय.

पेल्याची कथा याहून उद्बोधक आहे. काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले. मार्च ते मे या मोसमात काजूची बोंडे तुडवून काढलेला रस आंबवून भट्टीवर चढवला की हुर्राक मिळतो. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी तयार होते. या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. ‘देशी दारू’ या शिक्क्याखाली वर्षानुवर्षे दबलेल्या पेयाला ही प्रतिष्ठा उशिरा का होईना, लाभली. तरीही कित्येक उपाहारगृहांच्या मद्यसूचीत दूरदेशीच्या वाइनना मानाचे पान आणि फेणीला तळाचा कोपरा, अशी स्थिती आहे.

नाव जपणे म्हणजे काय, हे पोर्तुगालनेच दाखवून दिले आहे. दोरू नदीच्या खोऱ्यातील पोर्ट वाइनच्या प्रदेशाची हद्द तेथे १७५६ साली, पोंबालच्या कारकिर्दीत, अधिकृतपणे आखण्यात आली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क घालून त्याची गोडी राखायची, ही त्या वाइनची रीत. त्या डोंगरउतारांवरील मळ्यांना २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आणि आपण काय करतो? दोरूच्या खोऱ्याशी कसलाही संबंध नसलेली गोड, स्वस्त वाइन ‘पोर्ट’ म्हणून विकतो व पर्यटक ती गोव्याची आठवण म्हणून घरी नेतात. आमच्या फेणीचे नाव दुसऱ्याने वापरू नये, असा आग्रह धरायचा, तर दुसऱ्याचे नाव आपणही सोडले पाहिजे. एकाच न्यायाला दोन मापे असू शकत नाहीत.

शेजारच्या नाशिकचा धडा जवळचा आहे. द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण महाराष्ट्राने २००१ मध्ये आखले आणि त्यानंतरच्या वर्षांत तेथील वाइन-कारखान्यांनी प्रवाशांसाठी आपली दारे उघडली. मळा पाहावा, प्रक्रिया समजून घ्यावी, मग चव घ्यावी, हा क्रम तेथे रुळला. काजूच्या मोसमात आमच्या भट्ट्यांवर असे घडायला कोणती अडचण आहे?

सरकारने मद्यपानाला उत्तेजन द्यावे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. कोणी प्यावे असा आमचा आग्रह नाही. जे विकले जाते ते खऱ्या नावाने विकले जावे आणि त्यातला न्याय्य वाटा बनवणाऱ्याच्या पदरात पडावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे; ती ओलांडून भाड्याच्या दुचाकीवर बसणाऱ्या पाहुण्याला अडवणे, हेही यजमानाचे कर्तव्यच आहे.

मासळी कोठली, ताजी की बर्फातली, आणि पेल्यातले मद्य कोणत्या गावच्या भट्टीचे, एवढी माहिती प्रत्येक उपाहारगृहाच्या सूचीवर छापली जावी. त्याला खर्च नाही, कायद्याची वाटही पाहावी लागत नाही. पर्यटन खाते आणि हॉटेलमालकांच्या संघटना यांनी एकत्र बसून येत्या मोसमापासून हे सुरू करावे. पाहुण्याला गोवा वाढायचा असेल, तर तो आधी आपल्या ताटात असावा लागतो.