कोपरभर हिरवं पाणी

शेततळ्याच्या काठावर बसून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. तळवा अंधुक दिसला तर पाणी बेताचं हिरवं आहे. कोपर बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ माजलंय. त्या दिवशी खाद्य बंद. मत्स्यशेतीतली ही जुनी परीक्षा.

माशांना घातलेल्या पेंडीतल्या नत्राचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा त्यांच्या अंगी लागतो. बाकीचा विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. माशाला जे विष, तेच क्लोरेलासारख्या सूक्ष्म शेवाळाला खत. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र ओढून घेतं. म्हणून दाट हिरव्या तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात.

मग शेवाळ तळ्यात माजू देण्यापेक्षा शेजारी पिकवावं. तळाचं गढूळ पाणी काढून निवळू द्यायचं. साका नागलीच्या वावराला, वरचं पाणी उन्हातल्या वीतभर खोल हौदात. ते रोज ढवळायचं. हिरव्या पाण्यावर मोइना नावाच्या पाणपिसवा पोसतात आणि त्यांच्यावर रोहू-कटल्याची पिल्लं. नत्र-स्फुरद शोषलं गेलेलं पाणी पुन्हा तळ्यात सोडता येतं. पावसाळ्यात ढगांमुळे वाढ मंदावते; हौदाचे खरे दिवस दिवाळीनंतरचे.

जव्हार-मोखाड्यात मोल आहे ते या परत येणाऱ्या पाण्याला. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून निघून जातो. मध्य वैतरणा धरण मोखाड्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट. तिथे तळं उपसून नव्याने भरणं कुणाला परवडणार?

एक धोका मात्र ठणकावून सांगायला हवा. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतली मुलं कुपोषणाने गेली. स्पिरुलिना या शेवाळाच्या सुक्या भुकटीत साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, हे ऐकल्यावर हौदातलं शेवाळच मुलांना द्यावं असं वाटू शकतं. ते कदापि देऊ नये. खायचं स्पिरुलिना स्वच्छ, क्षारयुक्त पाण्यात निगुतीने वाढवतात. माशांच्या घाणीवर वाढलेल्या शेवाळात रोगजंतू असू शकतात; मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शेवाळ यकृताला घातक विष सोडू शकतं, ते उकळूनही जात नाही. हौदातलं शेवाळ माशाच्या पोटी जावं आणि मासा मुलाच्या ताटात.

शेततळ्याचं अनुदान मंजूर करणाऱ्यांनी शेजारच्या या वीतभर हौदाचा खर्चही त्यात धरावा.