दोन लढतींमधली पंधरा वर्षं

१९०९ साली न्यूयॉर्कमध्ये जाहीर मुष्टियुद्धाला बंदी होती. पळवाट एकच, लढत खासगी क्लबात भरवायची आणि लढणाऱ्या दोघांना त्या रात्रीपुरतं सभासद करून घ्यायचं. टॉम शार्कीचा असा क्लब जॉर्ज बेलोजच्या स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर होता. ओहायोतल्या कोलंबसहून १९०४ मध्ये आलेला हा तरुण रॉबर्ट हेन्रीचा विद्यार्थी. डोळ्यांसमोरचं शहर रंगवा, ही हेन्रीची शिकवण. बेलोजने रस्ता ओलांडला आणि ‘स्टॅग अ‍ॅट शार्कीज’ रंगवलं.

हे चित्र जवळून पाहावं. दोन बॉक्सर एकमेकांत असे घुसलेत की त्यांचे चेहरे सापडत नाहीत. ताणलेली पोटरी म्हणजे ओल्या रंगातून जोरात ओढलेला कुंचला. खालच्या अंधारात प्रेक्षकांची तोंडं उघडी, ओरडणारी, चार-दोन फटकाऱ्यांत उरकलेली. अशा रांगड्या विषयांच्या या चित्रकाराला नॅशनल अकॅडमीने त्याच वर्षी, अवघ्या सव्विसाव्या वर्षी सहयोगी सदस्य केलं, याचं मला आजही नवल वाटतं.

१९१३ मध्ये आर्मरी शो या प्रदर्शनाच्या मांडणीत त्याचाही हात होता. युरोपातला क्युबिझम तिथे अमेरिकेने पाहिला. बेलोज त्या वाटेने गेला नाही, पण तो स्वस्थही राहिला नाही. मराट्टाची रंगपद्धत त्याने हाताशी धरली, पुढे जे हॅम्बिजची भूमितीवर आधारलेली रचनापद्धतीही. १९१६ पासून लिथोग्राफी. अशा पद्धतींनी हात थिजला, असं काहींना वाटलं. मला मात्र त्यात शोध दिसतो: वस्तू ओळखू येऊ द्यायची आणि चित्र तरीही आतून बांधायचं.

तो शोध कुठे पोचला, ते ‘डेम्प्सी अँड फर्पो’मध्ये दिसतं. १४ सप्टेंबर १९२३ ला पोलो ग्राउंड्सवर फर्पोने डेम्प्सीला पहिल्याच फेरीत दोरांबाहेर फेकलं. बेलोज तिथे वृत्तपत्रासाठी रेखाटनं करायला गेला होता. १९२४ च्या त्या चित्रात दोर पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, फर्पो खांबासारखा उभा, आणि डेम्प्सी पाठीवर वार्ताहरांच्या अंगावर कोसळतोय. लढत डेम्प्सीनेच दुसऱ्या फेरीत जिंकली, तरी बेलोजने निवडला तो पडण्याचा क्षण. शार्कीजमधला ओला, सळसळता रंग इथे नाही. मन माझं अजूनही शार्कीजकडेच ओढ घेतं, पण डोळ्यांसमोरून हटत नाही ते हे दुसरं चित्र.

८ जानेवारी १९२५ ला, अपेंडिक्स फुटल्यावर झालेल्या संसर्गाने, बेलोज बेचाळिसाव्या वर्षी गेला. ‘डेम्प्सी अँड फर्पो’च्या डाव्या कडेला टक्कल पडलेला एक प्रेक्षक आहे. तो बेलोज स्वतः.