विश्लेषण : रेडिएशनआधी अंडाशय ‘हलवण्या’ची शस्त्रक्रिया कशासाठी?

ओटीपोटाच्या भागातील कर्करोगासाठी रेडिएशन घेतल्यावर तरुण स्त्रियांची पाळी कायमची थांबू शकते. हे टाळण्याचा एक मार्ग आहे, मात्र त्याचा निर्णय रेडिएशनच्या पहिल्या दिवसाआधीच घ्यावा लागतो.

अंडाशयांना धोका किती?

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. त्यावर बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनची मात्रा साधारण ४५ ते ५० ग्रे असते आणि ती सुमारे पाच आठवड्यांत विभागून दिली जाते. अंडाशयातील निम्मी अपरिपक्व स्त्रीबीजे मात्र २ ग्रेपेक्षाही कमी मात्रेत नष्ट होतात. विसाव्या वर्षी सुमारे १६.५ ग्रे आणि तिसाव्या वर्षी सुमारे १४.३ ग्रे मात्रेने अंडाशयांचे काम थांबते, असा अंदाज २००५ मध्ये संशोधकांनी मांडला.

प्रश्न फक्त अपत्याचा आहे का?

नाही. अंडाशय बंद पडले की इस्ट्रोजेन संप्रेरक घटते. अंगातून गरम वाफा, झोपमोड, योनीमार्गाचा कोरडेपणा हे त्रास विशी-तिशीतच सुरू होतात. पुढे हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यामुळे मूल नको असलेल्या किंवा मुले झालेल्या तरुण रुग्णांसाठीही हा विषय महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेत काय करतात?

अंडाशयांना रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या शाबूत ठेवून ते ओटीपोटातून वर, मोठ्या आतड्याच्या बाजूला नेऊन टाक्यांनी बसवतात. बहुतेक वेळा हे दुर्बिणीतून होते. तिथे धातूची छोटी क्लिप लावतात, म्हणजे स्कॅनमध्ये जागा दिसते आणि रेडिएशनचा आराखडा आखताना ती वगळता येते. अंडाशय पुन्हा खाली सरकू शकतात, म्हणून त्यानंतर रेडिएशन लवकर सुरू करतात.

यशाची खात्री असते का?

नाही. आजूबाजूला पसरणारे किरण किंवा कमी झालेला रक्तपुरवठा यामुळे अंडाशय निकामी होऊ शकतात. चाळिशीनंतर फायदा कमी असतो. केमोथेरपीपासून यात संरक्षण मिळत नाही. कर्करोग अंडाशयात पसरला असण्याची शक्यता असेल, तर ही शस्त्रक्रिया टाळतात. अंडाशय वाचले नाहीत, तर संप्रेरकांची औषधे देता येतील का, हे कर्करोगाच्या प्रकारावर ठरते.

गर्भधारणेचे काय?

अंडाशय वाचले तरी गर्भाशय किरणांच्या टप्प्यातच राहते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर पूर्ण रेडिएशन घेतल्यानंतर सहसा गर्भ वाढवता येत नाही. अशा वेळी स्वतःचे स्त्रीबीज वापरून सरोगसीचा पर्याय उरतो. भारतात २०२१ च्या कायद्याने व्यावसायिक सरोगसीला बंदी आहे आणि वय, विवाह व वैद्यकीय कारणांच्या अटी आहेत. स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवण्यासाठी साधारण दोन आठवडे लागतात. पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्ये अंडाशयाचा तुकडा गोठवता येतो. अशा गोठवलेल्या ऊतीच्या पुनर्रोपणानंतर पहिले बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मले.

डॉक्टरांना काय विचारावे?

रेडिएशनच्या आराखड्यासाठीचा स्कॅन होण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : अंडाशयांवर किती ग्रे मात्रा पडेल? ते हलवणे माझ्या आजारात सुरक्षित आहे का? त्यासाठी मुख्य उपचार किती दिवस लांबतील? रुग्ण अल्पवयीन असेल, तर हे विचारण्याची जबाबदारी पालकांची.