तिशीतलं टेनिस : आधी रॅली, मग स्टाइल!

२०२४ मध्ये रोहन बोपण्णाने ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष दुहेरी जिंकली आणि आपल्यापैकी कित्येकांना वाटलं, चला, अजून वेळ गेलेली नाही! रॅकेट आली, शूज आले, पहाटेचा अलार्म लागला. आणि महिन्याभरात रॅकेट कपाटावर! असं का होतं?

माझंही तेच झालं. पहिल्या क्लासमध्ये रोज रांगेत उभं राहायचं, सरांनी टाकलेला बॉल मारायचा, पुन्हा रांगेत. ग्रिप, खांदा, फॉलो-थ्रू... सूचना दहा आणि बॉल नेटमध्ये. शेजारच्या कोर्टवर दहा वर्षांची पोरं धडाधड खेळायची. लाज वाटली, जाणं सोडलं.

बॉल हळू, कोर्ट छोटं

खरं तर चूक आपल्या वयाची नसते. टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब. पिवळा बॉल वेगात येतो, उंच उसळतो. नवख्याला विचार करायलाच वेळ मिळत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये 'प्ले अँड स्टे' मोहीम सुरू केली. सूत्र सोपं : पहिल्याच दिवसापासून सर्व्ह, रॅली आणि स्कोअर. लाल बॉल नेहमीपेक्षा ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. रॅली जमली की पुढचा रंग! हे फक्त मुलांसाठी नाही बरं का, मोठ्यांसाठी महासंघाचा 'टेनिस एक्सप्रेस' हा खास कोर्सही आहे.

टप्पा... फटका!

डोक्यातला गोंधळ थांबवायला टिमोथी गॅल्वे यांची १९७४ च्या 'द इनर गेम ऑफ टेनिस'मधली युक्ती बघा. बॉल जमिनीवर पडला की मोठ्याने 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'फटका'. बस्स! लक्ष बॉलवर राहतं आणि हात आपलं काम करतो.

श्रीपूरचं सेंटर कोर्ट

'पण आमच्याकडे क्लब कुठंय?' हा प्रश्न मला श्रीपूरला मामेभावाने विचारला. साखर कारखान्याचं गाव, भाऊ ३४ वर्षांचा. लाल बॉलचं कोर्ट साधारण ११ बाय ५.५ मीटर, म्हणजे बॅडमिंटन कोर्टमध्ये आरामात मावतं. आम्ही अंगणाशेजारच्या मोकळ्या जागेत फक्की मारली, दोन खुर्च्यांना ८० सेंटिमीटरवर दोरी बांधली. 'ताई, लोक हसतील गं,' म्हणत तो उभा राहिला. टप्पा, फटका, टप्पा, फटका... अर्ध्या तासात सलग चौदा फटके! हसायला आलेली मामी शेवटी स्कोअर मोजत होती.

तेव्हा क्लास लावताना फीच्या आधी एवढंच विचारा : पहिल्या दिवशी रॅली खेळायला मिळेल का? लाल बॉल आहेत का? उत्तर 'हो' असेल, तर रॅकेट कपाटावरून खाली काढायला हरकत नाही!