ऑटोपायलट? सॉरी बॉस!

फ्लाइट सिम्युलेटर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते भलंमोठं प्रवासी विमान. शेकडो बटणं, टेक-ऑफ झाला की ऑटोपायलट ऑन आणि आपण चहा करायला किचनमध्ये! थोडक्यात काय, ऑफिससारखंच. सिस्टिम काम करतेय, आपण नुसते हजर.

माझ्या वीकएंडचा फंडा मात्र वेगळा आहे. मी उडवते पिट्स स्पेशल. हे इवलंसं बायप्लेन, म्हणजे पंखांचे दोन मजले असलेलं विमान. त्याचं काम एकच, हवेतल्या कसरती. कर्टिस पिट्स या अमेरिकन डिझायनरचं पहिलं पिट्स उडालं १९४४ मध्ये. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीत या घराण्यातलं एस-टू-एस मॉडेल मिळतं. एक सीट, २६० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि ऑटोपायलट? नाहीच!

धमाल धावपट्टीवरच सुरू होते. तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे नाक वर आणि समोरचं काहीच दिसत नाही. मग नागमोडी वळणं घेत, कडेने डोकावत पुढे सरकायचं. विमानाचा भार पुढच्या दोन चाकांच्या मागे असतो, त्यामुळे ते जरा वाकडं गेलं की आणखी वाकडं जायला बघतं. पाय सतत रडरवर जागे हवेत.

मग लूप. वेग घ्यायचा, स्टिक मागे ओढायची आणि नजर पंखाच्या टोकाकडे न्यायची, कारण समोरचं क्षितिज नाकाआड जातं. माथ्यावर वेग घटतो. तिथे हात सैल केला नाही, तर वर्तुळ चेपतं. उलटं उडताना तर नाक वर ठेवायला स्टिक चक्क पुढे ढकलायची! अर्धा तास हे केलं की डोक्यात सोमवारचं प्रेझेंटेशन औषधालाही उरत नाही.

पण एक गोष्ट सिम्युलेटर देत नाही. वजन. चार जीच्या लूपमध्ये ६० किलोच्या माणसाला आपलं शरीर २४० किलोचं वाटतं. इथे मी खुर्चीत निवांत.

म्हणूनच मला बेटी स्केल्टन ग्रेट वाटते. 'लिटल स्टिंकर' नावाच्या पिट्समधून तिने १९४९ आणि १९५० मध्ये महिलांची आंतरराष्ट्रीय एरोबॅटिक स्पर्धा जिंकली. वय तेव्हा पंचविशीच्या आत, म्हणजे आपल्या ट्रेनी मुलींएवढं. जमिनीपासून जेमतेम दहा फुटांवर ताणलेली रिबन ती उलटं उडत कापायची. एअरलाइन्सच्या कॉकपिटची दारं तेव्हा बायकांना जवळजवळ बंदच होती. आज तिचं विमान व्हर्जिनियातल्या स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी सेंटरमध्ये टांगलंय. अर्थात, उलटं!

ट्राय करायचंय? मूठ पिळता येणारी जॉयस्टिक घ्या, पिळलं की रडर वळतो. सेटिंगमध्ये जाऊन मदतीचे सगळे पर्याय बंद करा, नाहीतर विमान संगणकच उडवेल. आधी नुसतं सरळ उडायला शिका. मग भरपूर उंची घ्या आणि पहिला लूप मारा. चुकला तर पुन्हा सुरू करायचं बटण आहेच. बेटीकडे ते नव्हतं, एवढं लक्षात ठेवून उडा.